टेबल उलगडताना

चला, थोडा वेळ मनानं एका बंद खोलीत जाऊ या. घाई नको. खोली एखाद्या जुन्या जिमखान्यातली आहे. मधोमध बिलियर्ड्‌सचं टेबल आहे, त्यावर प्लायवूड टाकलेलं आहे आणि प्लायवूडवर जुन्या फायली, मोडका कॅरमबोर्ड, गणपतीच्या मखराचं सामान. कित्येक वर्षांत इथे कुणी क्यू हातात घेतलेला नाही. भंगारवाला येऊन बघून गेला. त्यानं टेबलाला हातही लावला नाही.

टेबलाभोवती सावकाश एक फेरी मारा. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. आत दगड आहे, स्लेटच्या पाच जाड फरश्या, प्रत्येकीचं वजन 150 किलोंच्या पुढे. टेबल खोलायचं, हलवायचं, नवं कापड चढवायचं आणि पुन्हा पाणसळीत आणायचं, एवढा सगळा खर्च जुन्या टेबलाच्या किमतीच्या वर जातो. म्हणून ‘फुकट घेऊन जा’ म्हटलं तरी न्यायला कुणी येत नाही.

इथे जरा थांबा. या वजनासाठीच तर टेबल घेतलं होतं. 1820 च्या दशकात लंडनच्या जॉन थर्स्टननं लाकडी पाटाऐवजी स्लेट बसवायला सुरुवात केली, कारण लाकूड हवेबरोबर फुगतं, वाकतं. दगड जागचा हलत नाही. आज त्याच जडपणाची अडचण झाली आहे. दगड होता तसाच आहे, बदलली ती आपली गरज. हे मनात नीट उतरू द्या.

आता कारागीर येतो. त्याच्या हाताकडे लक्ष द्या. तो काहीही तोडत नाही. ज्या क्रमानं टेबल उभं राहिलं, त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं तो ते उतरवतो. खालून बोल्ट ढिले करून आधी कुशन काढतो. कुशनच्या आतलं रबर वर्षानुवर्षांच्या हवेनं कडक झालेलं असतं, त्यातली उसळी गेलेली असते. त्याचा आता काही उपयोग नाही. ते जाऊ द्या.

मग कापड. हे लोकरीचं असतं, हे हात फिरवला की लगेच कळतं. खिळे एकेक करून उपटले जातात, हिरवा ताण सैल पडतो. याच टेबलावर स्नूकर खेळताना काळा चेंडू जिथे ठेवत, तिथे वाका. आजूबाजूचं कापड विरलेलं आहे. तोच चेंडू पुन्हा पुन्हा त्याच ठिपक्यावर ठेवल्याची ती खूण. क्लबातला मार्कर हे कापड रोज एकाच दिशेनं, लवीच्या कलानं, ब्रशनं झाडायचा. मग इस्त्री फिरवायचा. पावसाळ्यात कापड दमट झालं की चेंडू जड चालायचे आणि खेळणारे कुरकुरायचे. त्यांची नावं फळ्यावर लागली. कापड राखणाऱ्याचं नाव बहुधा कुठे लागलं नाही. एक श्वास त्याच्यासाठी घ्या.

चेंडू कोपऱ्यातल्या डब्यात आहेत. एकेकाळी ते हस्तिदंताचे असत आणि त्यापायी हत्ती मारले जात. त्याला पर्याय शोधता शोधता 1869 मध्ये अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांच्या हाती सेल्युलॉइडचं तंत्र आलं. हल्लीचे चेंडू फिनॉलिक रेझिनचे असतात. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून या चेंडूंतून नवे चेंडू ओतता येत नाहीत. एखादा गाडीच्या गिअरची मूठ होतो, एखादा कपाटात राहतो.

आता दगड उरला. सांध्यांत भरलेलं मेण कारागीर पात्यानं खरवडतो, स्क्रू सोडवतो आणि फरश्या उचलण्याआधी प्रत्येकीवर खडूनं क्रमांक घालतो. पुढे कुणी टेबल जोडलंच, तर शेजारची फरशी शेजारीच बसावी, यासाठी. चौघं जण मिळून एक फरशी उचलतात. तिच्यावर तळहात ठेवल्याची कल्पना करा. गार, गुळगुळीत.

इंग्लंडात घडलेल्या जुन्या टेबलांत वायव्य वेल्सची स्लेट पुष्कळ वापरली गेली. तिथल्या काही थरांचं वय सुमारे 50 कोटी वर्षं आहे. समुद्रतळाचा गाळ साचला, दाबाखाली घट्ट झाला, मग डोंगर झाला, मग खाण. त्या वयापुढे या टेबलावरचा सगळा खेळ किती! याच जातीच्या दगडाच्या पाटीवर आपल्या किती पिढ्यांनी मुळाक्षरं गिरवली. टेबलातून सुटलेली फरशी स्वयंपाकघरात ओटा होऊ शकते, अंगणात पायरी होऊ शकते, भिंतीला टेकवली तर मुलांचा फळा होऊ शकते. महोगनीचे जाड पाय एखाद्या सुताराच्या हाती पडले, तर त्यांवर जेवणाचं टेबल उभं राहतं. कापडाचे तुकडे खुर्च्यांच्या पायांखाली जातात.

सगळं उतरलं. खोली मोकळी झाली. आता स्वतःला विचारा: खेळ कुठे होता?

1958 साली कोलकात्यात, पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी बिलियर्ड्‌सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकली. कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता होणारे ते पहिले भारतीय. त्यासाठी पाणसळीतला दगड लागला, ताणलेलं कापड लागलं, मार्करची इस्त्री लागली आणि लागली एका माणसाची वर्षानुवर्षांची एकाग्रता. हे सगळं एकत्र आलं तेव्हा खेळ झाला. टेबल सुटं झालं म्हणून तो झालेला खेळ पुसला जात नाही. आणि तो पुसला जात नाही, म्हणूनच टेबल निश्चिंत मनानं सुटं करता येतं.

आता ती खोली सोडा आणि स्वतःच्या घरातली अशी एक वस्तू डोळ्यांसमोर आणा. शिवणयंत्र असेल, बाजाची पेटी असेल, वडिलांची हत्यारं असतील. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, अशी. तिचे भाग मनात वेगळे करा. कुठला भाग रबरासारखा संपला आहे? त्याला निरोप द्या. कुठल्या भागावर कुणाच्या हातांची झीज आहे? त्या माणसाचं नाव घ्या, मोठ्यानं घ्या. आणि तिच्यातली स्लेट कोणती, जी अजून कुणाच्या तरी घरी कामाला येईल?

वस्तू झाकून ठेवली की ती जपली, असं आपण समजतो. पण प्लायवूडखाली कापडाला कसर लागते, लाकूड ओल धरतं, आणि ते टेबल नीट उलगडणारा कारागीर एक दिवस काम सोडून गावी निघून जातो. म्हणून जपणुकीचा खरा मार्ग वेळेवर उलगडण्याचा आहे. तुमच्या वस्तूचा जोड कसा सोडवायचा, हे जाणणारा माणूस आज जवळपास असेल. त्याला या आठवड्यात बोलवा, आणि तो काम करत असताना शेजारी बसून बघा.