गंजावरील रंग

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरांत खाऱ्या वाऱ्यानें होड्यांचीं यंत्रें गंजतात. विकावयाच्या यंत्राचा गंज रंगाखालीं झांकणें हें असत्य होय काय? कोणी म्हणेल, ‘मी तर एक शब्दही बोललों नाहीं.’ परंतु वाचकहो, गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. तो आंतून फुगून रंग उचलतोच. म्हणून जाणता कारागीर गंज खरवडून, गोड्या पाण्यानें मीठ धुऊन, लोखंड वाळवून, त्याच दिवशीं तांबडें अस्तर देतो; रंग त्यानंतर. खरवडतांना भोंक दिसलें, तर तें खरवडण्यानें पडलेलें नसतें. केवळ उघड होतें. तें झांकून दाम विकणाऱ्यास मिळतो, आणि भर समुद्रांत जीव मात्र दुसऱ्याचा धोक्यांत पडतो. जो रंग दुसऱ्यास फसवावयास लाविला, तो मुकेपणानें बोललेलें असत्यच होय.