ओसाड खाणींजवळील एकान्त

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, क्लोंडाइकच्या ज्या खोऱ्यात 1896 साली सोने सापडल्याची वार्ता पसरताच सुमारे एक लाख माणसे घरदार सोडून निघाली, आणि जेथे गोठलेली जमीन शेकोट्यांनी वितळवून हातभर खोदावी, पुन्हा शेकोटी पेटवावी, अशा कष्टाने खाणी खणल्या गेल्या, तेथील ओंडक्यांच्या, फटींत शेवाळ ठासलेल्या झोपडीत एकटे राहणाऱ्यास आपण निरिच्छ झालो असे सहज वाटू लागते. परंतु जेथील सुवर्ण बहुतांशी उपसले गेले, तेथील शांती ही वैराग्याची सनद कशी मानावी? गीतेतील योगी मातीचे ढेकूळ, पाषाण व सुवर्ण यांस समान लेखतो. त्याची कसोटी सुवर्ण हाताशी असतानाच लागते. एकान्तवास चित्तशुद्धीस उपकारक आहे, हे मी मनःपूर्वक मानतो. मात्र वाचकहो, स्वतःच्या विरक्तीचा फैसला अरण्यात करू नका, तो बाजारपेठेत परतल्यावर करा.