वटवाघूळ आणि जंतु

प्राणिमात्रांत श्रेष्ठ कोण व कनिष्ठ कोण, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा कोणी विचारीत नाहीं. तथापि त्याचें उत्तर आपण रोज कृतीनें देत असतों. गृहिणी दूध उकळते तेव्हां असंख्य जंतु मरतात, व तिच्या मनास कांहीं लागत नाहीं. वडाखालीं पंख मोडून पडलेलें वटवाघूळ दिसलें, तर मात्र तिचें पाऊल अडखळतें. हा भेद न्याय्य आहे काय?

दोन जाति समोर ठेवूं. आपल्याकडील मोठ्या फलाहारी वटवाघुळाच्या पंखांचा पसारा ४ फुटांच्या आसपास भरतो; मादी वर्षास बहुधा एकच पिल्लूं देते व त्यास अंगावर पाजते. थिओडोर एशेरिख यांनीं १८८५ सालीं वर्णिलेला आंतड्यांतील जंतु, एशेरिशिया कोलाय, मिलिमीटरच्या सुमारें ५०० व्या भागाइतका लांब. अनुकूल स्थितींत २० मिनिटांत एकाचे दोन होतात.

एकास वरची व दुसऱ्यास खालची पायरी द्यावी, हा मोह सहज होतो. पण जंतूंचें कूळ अब्जावधि वर्षें टिकून आहे. त्यास मागासलेलें कसें म्हणावें? उपयोगाचें मापही चालत नाहीं. वटवाघूळ फळांची नासाडी करतें, तसेंच बीजें दूरवर पेरतें. हा जंतु पोटांत बहुधा निरुपद्रवीपणें नांदतो, पण मूत्रमार्गांत शिरला कीं रोग करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पांचव्या अनुसूचींत फलाहारी वटवाघुळें सामान्यतः कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी म्हणून गणलीं होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें ती अनुसूचीच गेली. पन्नास वर्षांत प्राणी बदलला नाहीं. आपलें माप बदललें.

मग भेद कशावर उभा करावा? वेदनेवर, असें आम्हांस वाटतें. वटवाघुळास मज्जातंतु व मेंदू आहेत. त्याचा मोडलेला पंख त्यास दुखतो. जंतूस यांपैकीं कांहींच नाहीं. त्याच्या मरणांत दुःख भोगणारा कोणी आहे, असें मानण्यास आधार नाहीं. म्हणून दूध उकळणारी निर्दोष. वटवाघुळास दगड मारणारा मात्र दोषी. हें दयेचें माप झालें, श्रेष्ठतेचें नव्हे.

पण ज्या बागाइताचे चिकू रात्रींत फस्त होतात, त्याचें काय? त्यास दयेचा उपदेश करून नुकसान एकट्याच्या माथीं मारणें हाही अन्यायच. त्याच्या फळांस चार पैसे अधिक मोजण्याची आपली तयारी नसेल, तर आपली भूतदया म्हणजे दुसऱ्याच्या पैशानें केलेला दानधर्म होय.