आफ्रिकी तत्त्वज्ञान आणि कोकणचा कौल

रत्नागिरी जिल्ह्याच्या ऐतिहासिक स्मृतीत आफ्रिकेचा माणूस येतो तो किल्लेदार म्हणून, आरमाराचा सरदार म्हणून, किंवा महसूल उगवणारा अंमलदार म्हणून. विचार करणारा म्हणून तो येत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख तो हबसाण, आणि त्या सिद्दीचा अंमल एके काळी दक्षिणेस अंजनवेल आणि गोवळकोट या ठाण्यांपर्यंत येऊन पोहोचलेला होता. १७२७ साली अंजनवेलच्या सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुरामक्षेत्रावर घाला घातला, तेथे राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी तेथून उठून साताऱ्यानजीक धावडशीस गेले, आणि पुढे १७३६ साली चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला, एवढी हकीकत आपल्या बखरकारांना पुरली. या शामलांचे, म्हणजे सिद्दींचे, पूर्वज ज्या भूमीतून आले त्या भूमीत ईश्वर, न्याय, मृत्यू आणि मनुष्याचे कर्तव्य यांविषयी माणसे काय बोलत होती, हा प्रश्न दफ्तरदारांना पडण्याचे कारण नव्हते. विद्वानांनाही तो फारसा पडला नाही, आणि यात आपण एकटे नव्हतो. जर्मन तत्त्ववेत्ता हेगेल याने इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या व्याख्यानांत आफ्रिकेला इतिहासाच्या उंबरठ्याबाहेरच ठेवले आणि तो पुढे निघून गेला. त्याच हेगेलने भारताला दारात उभे केले खरे, परंतु ग्रीकांच्या शेजारचे आसन काही दिले नाही. ज्या न्यायासनाने आपला दावा निम्मा फेटाळला त्याने आफ्रिकेची फिर्याद दाखलच करून घेतली नाही. तेव्हा त्या फिर्यादीची कैफियत ऐकण्यात आपल्यालाही काही स्वारस्य असावयास हरकत नाही.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हबश म्हणजे आजचा इथिओपिया हा देश आपल्याला दोन निरनिराळ्या मनुष्यांच्या रूपाने भेटतो. पहिला सर्वांच्या परिचयाचा. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, अरबस्तान आणि बगदाद यांच्या बाजारांतून हात बदलत अहमदनगरच्या निजामशाहीत येऊन पोहोचलेला आणि अखेरीस त्या राज्याचा सर्वाधिकारी झालेला मलिक अंबर. त्याने जमिनीची प्रतवारी लावून जी जमाबंदी बसविली तिचे स्मरण महाराष्ट्राने पिढ्यानुपिढ्या ठेवले. त्याचा गनिमी कावा आणि खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, त्याने आणलेली नहर यांचे गुणगानही आपण करतो. १६२६ साली तो वारला. दुसरा मनुष्य झेरा याकोब, याचे नाव मात्र मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच गेले असेल. त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथानुसार तो १५९९ साली अक्सुम नगरीजवळ एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मला आणि धर्मशास्त्राचा शिक्षक झाला. गोव्याहून त्या देशात गेलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या प्रभावाखाली येऊन राजा सुसेन्योस याने रोमचा पंथ स्वीकारला आणि तो प्रजेवर लादू लागला, तेव्हा राजाकडे चुगली झाल्यामुळे झेरा याकोब दाविदाच्या स्तोत्रांचे पुस्तक तेवढे बरोबर घेऊन पळाला आणि एका गुहेत दोन वर्षे राहिला. तेथे त्याला जे सुचले ते त्याने पुढे १६६७ साली गीझ भाषेत लिहून काढले. ‘हताता’, म्हणजे शोध किंवा परीक्षण, हे त्या लिखाणाचे नाव.

ते परीक्षण साधे, परंतु निर्भय आहे. प्रत्येक धर्माचा मनुष्य आपलाच धर्म सत्य म्हणतो आणि दुसऱ्याचा असत्य. मग या सर्वांचा न्यायनिवाडा करणारा कोण, असे विचारून तो मनुष्याच्या बुद्धीकडे येतो, कारण बुद्धीचा हा प्रकाश ईश्वराने सर्वांना सारखाच दिलेला आहे असे त्याचे मत. या कसोटीवर तो उपवासांचे नियम घासतो, संन्याशांचे ब्रह्मचर्य घासतो, बहुपत्नीकत्व घासतो, आणि मनुष्याला जनावराप्रमाणे विकण्याची मुभा देणारी शिकवण ईश्वराची असू शकत नाही असा निर्णय देतो. ज्या भूमीतून मलिक अंबर विकला गेला त्याच भूमीतून ही विक्री अधर्म्य ठरविणारा युक्तिवाद येतो, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांच्या नजरेस यावयास हवी होती.

परंतु येथे एक वाद उपस्थित होतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या ग्रंथाच्या प्रती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जुस्तो द उर्बिनो या इटालियन कपुचिन मिशनऱ्याने पॅरिसला पाठविल्या; १९२० साली इटलीचे पंडित कार्लो कोंती रोस्सिनी यांनी हा ग्रंथ त्या मिशनऱ्यानेच रचलेला बनावट आहे असा आरोप केला; उलट अनेक वर्षे अदिस अबाबा येथे अध्यापन केलेले क्लॉड समनर यांनी त्याचे प्रामाण्य हिरिरीने प्रतिपादिले; आणि या मामल्याचा अखेरचा फैसला अद्याप झालेला नाही. भाषा, हस्तलिखित आणि तारखा यांच्या पुराव्यावर जो आक्षेप घेतला जातो तो आदराने ऐकलाच पाहिजे. मात्र त्या आक्षेपाला जोडून कधीकधी असाही सूर लागतो की, असा विचार हबशी मनुष्याच्या डोक्यात येणेच संभवत नाही. आणि हा दुसरा आक्षेप पुरावा नव्हे, निष्कर्ष आधीच ठरवून मागवलेला दाखला आहे. ग्रंथाचा कर्ता कोणीही ठरो, त्या वादानेच हे उघड केले की आफ्रिकेच्या तत्त्वज्ञानाविषयीचा प्रश्न कित्येकदा तत्त्वज्ञानाविषयी नसून आफ्रिकेविषयी असतो.

याच्या विरुद्ध टोकाला एक सदिच्छेची चूक झाली, आणि ती अधिक शिकण्यासारखी आहे. काँगोमध्ये राहिलेल्या प्लासिद टेंपल्स या बेल्जियन फ्रान्सिस्कन मिशनऱ्याचे बांटू लोकांच्या तत्त्वज्ञानावरील पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. बांटू माणसाला अस्तित्व म्हणजे शक्ती. ती वाढते, क्षीण होते, एकमेकांवर परिणाम करते. आणि त्यांचे सर्व आचार या एका सिद्धांतावर उभे आहेत, असे त्याने मांडले. आफ्रिकेला तत्त्वज्ञान आहे, असे म्हणणारा तो युरोपीय. स्वाभाविकच पुष्कळ आफ्रिकी विद्वानांना त्याचा आनंद झाला. परंतु एमे सेझेर या कवीने लगोलग खोचक प्रश्न विचारला: बांटूंना योग्य मजुरी आणि अन्न देण्याऐवजी त्यांच्या अस्तित्वविचाराचा मान राखला की साम्राज्याचे काम भागते काय? पुढे बेनिनचे पोलँ हुन्तोन्जी यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात मुळावरच घाव घातला. एका संपूर्ण जमातीच्या नावे, तिच्यातील एकाही मनुष्याचे नाव न घेता, सर्वांचे एकमत गृहीत धरून जे सांगितले जाते ते लोकसमजुतींचे वर्णन होय. तत्त्वज्ञान तेव्हाच, जेव्हा अमुक एक मनुष्य अमुक मत मांडतो, त्यासाठी कारणे देतो आणि दुसरा ती कारणे खोडून काढू शकतो.

माझा कल स्वच्छपणे हुन्तोन्जींकडे आहे, एका बाबीत मात्र नाही. लिखित ग्रंथावर त्यांनी जो भर दिला तो आपल्याकडच्या अनुभवाला मानवत नाही. उपनिषदांतील वाद शतकानुशतके पाठांतराने टिकले, आणि याज्ञवल्क्याला सभेत आडवी जाणारी गार्गी लेखणी हातात घेऊन उभी नव्हती. उलट चार्वाकांचे मत आज आपल्याला बहुतांशी त्यांच्या प्रतिपक्षांनी केलेल्या पूर्वपक्षातूनच कळते. वादाला वक्ता लागतो, प्रतिवादी लागतो, ऐकणारी सभा लागते. कागद नंतर आला तरी चालते.

या मुद्द्यावर रत्नागिरी जिल्ह्याचाच एक दाखला मला वारंवार आठवतो. येथील गावागावांत ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव पाषाणाला पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घातले जाते, आणि पाकळी उजवी पडली की डावी यावरून विहीर खणावी की नाही, सोयरीक करावी की नाही, हे ठरते. त्या काळच्या सुदानातील अझांडे लोक असेच काम कोंबडीला विष पाजून करीत, आणि ती जगते की मरते यावरून उत्तर घेत. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली त्याचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्यावर पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्यांनी पुढे कित्येक वर्षे खल केला. उत्तर चुकले तर विधीत काही उणे राहिले असे स्पष्टीकरण अझांडे देत. आपल्याकडेही देवाचा मान चुकला असे म्हणण्याची सोय असतेच. आता कोणी विद्वान परदेशातून येऊन गुरवाचा कौल एका पारड्यात आणि कांटचा ग्रंथ दुसऱ्या पारड्यात घालून ‘भारतीय विचार’ आणि ‘युरोपीय विचार’ यांची तुलना करू लागला, तर आपण त्याला काय म्हणू? परशुरामाच्या ज्या डोंगरावर सिद्दी सात चाल करून आला त्याच्याच आसऱ्याच्या पेढे गावी १८८० साली पांडुरंग वामन काणे जन्मले, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात बाहेर पडले. दापोलीकडच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे देवच मानीत नव्हते. हे सर्व त्याच कौल लावणाऱ्या मुलखात. रॉबिन हॉर्टन यांनी आफ्रिकेच्या परंपरागत विचाराची तुलना पाश्चात्त्य विज्ञानाशी केली तेव्हा घानाचे क्वासी विरेडू यांनी नेमका हाच आक्षेप घेतला: आमच्या खेड्यातील समजूत तुमच्या खेड्यातील समजुतीशी ताडून पाहा, प्रयोगशाळेशी नव्हे. आक्षेप घेऊन विरेडू थांबले नाहीत, आपल्या अकान समाजाच्या श्रद्धांचीही त्यांनी तितक्याच परखडपणे चिकित्सा केली. म्हणून त्यांचा मला अधिक विश्वास वाटतो.

आफ्रिकी तत्त्वज्ञानाचा उगम शोधताना काही मंडळी इजिप्तच्या पिरॅमिडांपर्यंत जातात, काही हिप्पोच्या संत ऑगस्टिनला आपला म्हणतात, आणि घानाच्या किनाऱ्यावरून बालपणी जर्मनीस नेला गेलेला आंतोन विल्हेल्म आमो हाले व येना येथे तत्त्वज्ञान शिकवीत होता, याचा अभिमान बाळगतात. अभिमान योग्य आहे. परंतु वंशावळीने तत्त्वज्ञानाची सनद मिळत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो केनियाच्या हेन्री ओडेरा ओरुका यांनी १९७०च्या दशकात नैरोबीत आरंभलेला उपक्रम. त्यांनी खेड्यापाड्यांतील वृद्ध, बहुधा निरक्षर, परंतु शहाणे म्हणून नावाजलेल्या माणसांना गाठले, आणि ‘तुमच्या जमातीत काय मानतात’ एवढ्यावर न थांबता ‘तुम्हाला स्वतःला ते पटते काय, आणि का’ असे विचारले. जे केवळ परंपरा सांगत त्यांना त्यांनी एका वर्गात घातले, जे परंपरेला प्रश्न करीत त्यांना दुसऱ्या. लुओ समाजातील पॉल म्बुया अकोको यांनी, देव निरनिराळे असते तर सृष्टीत गोंधळ माजला असता, अशा धर्तीचा युक्तिवाद करून ईश्वर एकच असल्याचे सांगितले. जयंतभट्टाची न्यायमंजरी वाचलेल्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. परंतु त्या वृद्धाने तो कोणा नैयायिकाकडून घेतलेला नव्हता.

ओरुकांचा हा प्रश्न कोकणात कोणी पद्धतशीरपणे विचारावा असे मला वाटते. आपल्याकडे लोकसाहित्याचे संकलन पुष्कळ झाले, गाऱ्हाणी आणि ओव्या टिपल्या गेल्या. परंतु कौल लावणाऱ्या गुरवाला, जाखडीच्या बुवाला, खाडीवरच्या भोई-दालदी वृद्धाला ‘गाव काय मानतो’ यापलीकडे ‘तू काय मानतोस आणि कशावरून’ असे विचारून, त्याची कारणे त्याच्या नावासह व त्याच्या संमतीने नोंदविण्याचे काम व्हावयाचे राहिले आहे. रत्नागिरी, चिपळूण, दापोली येथील महाविद्यालयांत तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या गावापासून या कामास आरंभ करावा, आणि त्याआधी ओरुकांच्या मुलाखती एकदा वाचाव्यात.