तपशिलाची नैतिकता

विमानाची लघुप्रतिकृती करणाऱ्याचे खरे काम सुटे भाग चिकटवून झाल्यावर सुरू होते. पत्र्यांचे सांधे, रिव्हेटांच्या ओळी, इंजिनामागे साचलेली काजळी, चढउतार करणाऱ्यांच्या पायांनी झिजलेला रंग हे सारे तो सुईने, कुंचल्याने आणि पातळ केलेल्या काळपट रंगाने पृष्ठभागावर आणतो. या परिश्रमामागे एक नैतिक गृहीतक असते : जे जसे होते, तसेच दाखवावे. हे गृहीतक कितपत टिकते, हा प्रश्न केवळ छंदापुरता नाही. वास्तववादी साहित्यातील तपशिलालाही तो विचारावा लागतो.

एकास बहात्तर या प्रमाणात बी-२९ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाच्या पंखांचा ४३ मीटरांचा विस्तार सुमारे ६० सेंटिमीटरांत मावतो. त्याच हिशेबाने मूळ पत्र्यांमधील एक मिलिमीटरची फट प्रतिकृतीवर ०.०१४ मिलिमीटर व्हायला हवी. म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक. ती डोळ्यांना दिसणारच नाही. ती ०.२ मिलिमीटर रुंद कोरली, तर मूळ विमानावर तिची १४ मिलिमीटरांची, बोट शिरेल एवढी भेग होते. मापाशी इमान राखावे तर सांधा नाहीसा होतो. सांधा दाखवावा तर मापाशी प्रतारणा घडते. येथवर कारागिराला दोष देता येत नाही. अशी तडजोड प्रत्येक प्रतिरूपणात अटळ असते.

रोलाँ बार्त यांनी १९६८ च्या एका निबंधात फ्लोबेरच्या कथेतील, पियानोवर टांगलेल्या वायुभारमापकाची चर्चा केली आहे. कथानकाला त्याची गरज नाही. बार्त यांच्या मते असा निरुपयोगी तपशील 'हे वास्तव आहे' एवढेच सुचवतो. रिव्हेटांचेही तसेच आहे. सुटा रिव्हेट कोणी निरखून पाहत नाही. त्यांची ओळ मात्र पाहणाऱ्याचा विश्वास मिळवते. धोका नेमका येथे आहे. तपशिलाने मिळवलेला विश्वास तपशिलापुरता राहत नाही. ज्याने एवढे बारकाईने पाहिले, त्याने सर्वच पाहिले असेल, असे वाटू लागते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे 'एनोला गे' हे बी-२९ जातीचेच विमान होते. त्याची त्या दिवसाची प्रतिकृती करणाऱ्याला नाकाच्या डाव्या बाजूस वैमानिक पॉल टिबेट्स यांच्या आईचे नाव लिहावे लागते. ते आदल्याच दिवशी रंगवले गेले होते. शेपटीवर मात्र वर्तुळातील 'आर' हे अक्षर हवे. ते या विमानाच्या तुकडीचे चिन्ह नव्हते. शत्रूची दिशाभूल व्हावी म्हणून दुसऱ्या तुकडीचे चिन्ह तेथे रंगवले होते. म्हणजे मूळ पृष्ठभागच खोटे बोलत होता, आणि अचूक प्रतिकृती ते खोटे इमानाने पुढे नेते.

पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयात याच विमानाभोवती एक प्रदर्शन योजले गेले. बॉम्ब पडला त्या शहरात काय घडले, हेही त्यात दाखवायचे होते. माजी सैनिकांच्या संघटना आणि लोकप्रतिनिधी यांच्या विरोधानंतर जानेवारी १९९५ मध्ये तो बेत रद्द झाला. त्याच वर्षी विमानाचा पुढील भाग, मोजक्या मजकुरासह, मांडण्यात आला. १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसे दगावल्याचा अंदाज आहे. निगुतीने दुरुस्त केलेल्या धातूवर त्यांची काहीच खूण असू शकत नव्हती. पृष्ठभागाशी पूर्ण निष्ठा राखूनही त्यांच्याविषयी मौन पाळता येत होते.

प्रतिकृतीने विमानच दाखवावे, शहर नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो रास्त आहे. वगळणे हा दोष नव्हे. वगळल्याशिवाय प्रतिकृतीही होत नाही आणि कादंबरीही. दोष आहे तो तपशिलांच्या गर्दीने वगळलेल्याची जागा बुजवण्यात. फट खरी किती होती आणि आपण ती किती रुंद केली, हे कारागिराला रेषा कोरताना ठाऊक असते. लेखकालाही आपल्या तपशिलांचा असा हिशेब ठेवता आला पाहिजे, आणि त्यात आपण न दाखवलेल्या माणसांचीही नोंद असली पाहिजे.