एका घरातील दोन आकाशे

दादरा-नगर हवेलीतील दमणगंगेकाठच्या आमच्या सिल्वासात दरसाल २ ऑगस्टला पोर्तुगीज राजवटीपासूनचा मुक्तिदिन येतो. यंदा त्या सायंकाळी, संगणकात जपलेली जुनी छायाचित्रे सर्वांनी एकत्र पाहावीत म्हणून मी क्रोममधील ‘कास्ट’ची कळ दाबली, तेव्हा यादीत आमच्या टीव्हीचे नावच उमटेना. दोन्ही यंत्रे एकाच दिवाणखान्यात, एकाच राउटरच्या छत्राखाली, आणि तरीही परस्परांस सर्वस्वी अपरिचित!

“काका, संगणक पाहुण्यांच्या वायफायवर आहे,” पुतण्या म्हणाला. पाहुण्यांचे हे जाळे सुरक्षेस्तव घरातील इतर यंत्रांपासून अलग ठेवलेले असते. दस्तकाविना या परगण्यातून त्या परगण्यात जाता येत नाही. दमणहून दादरा-नगर हवेलीस जाण्याच्या वाटेचा पोर्तुगालने मांडलेला दावा, ज्याचा निवाडा हेगच्या न्यायालयाने १९६० मध्ये दिला, तो मला अशा वेळी आठवावा, हे स्वाभाविकच.

एकाच घरातील या दुराव्याने मला वेदान्तातील एक जुना मतभेदही आठवला. अद्वैतवेदान्तात विवरणकार जीवास ब्रह्माचे प्रतिबिंब मानतात, तर भामतीपरंपरा त्यास घटाने मर्यादिलेल्या आकाशासारखे अवच्छिन्न चैतन्य समजते. पडदा म्हणजे आरसा, अशा समजुतीने माझा कल आजवर पहिल्या मताकडे होता. परंतु संगणक घरच्या जाळ्यावर आणताच टीव्हीचे नाव यादीत आले आणि छायाचित्रे पडद्यावर झळकली, तेव्हा घटाकाशाचा दृष्टान्त प्रथमच अनुभवास आला. आरसा स्वच्छच होता, बिंबही शाबूत होते. मध्ये उभी होती ती केवळ उपाधी, म्हणजे घटासारखी मर्यादा.

म्हणून दुरावा जाणवताच समोरच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी वाचकाने आपण स्वतः कोणत्या जाळ्यात आहोत, हे एकवार तपासावे.