नाव घातलेली घागर

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगजींची शस्त्रं जपलेली आहेत. गुरुजींनी इथेच १७०८ साली देह ठेवला. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं, तेव्हा भाविक घागरी भरभरून गोदावरीचं पाणी आणतात आणि शस्त्रंही निगुतीनं स्वच्छ केली जातात. तीन शतकं उलटली, तरी हा ठेवा माणसांच्या हातांतला आहे.

मराठवाड्यातल्या घराघरांतही असं काहीतरी असतं.

तांब्याची घागर उजेडात तिरपी धरली, की गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं पणजीचं नाव दिसतं. कधी आहेर करणाऱ्या मामाचंही. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक पुसून पुसून गुळगुळीत झालेले असतात.

पण असा ठेवा एका पहाटेत जाऊही शकतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी बाप्पांना निरोप देऊन गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आसपासचा मुलूख भूकंपानं हादरला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. नवी भांडीही आली. पण ढिगाऱ्यात गेलेली, पणजीच्या नावाची घागर कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणून ज्या घरात आजी आहे, तिथे एक काम आजच होण्यासारखं आहे: कोणती वस्तू कोणाची, कोणत्या लग्नात आली, तिला विचारून नातवंडांनी वहीत लिहून घ्यावं.